बिननाड्यांचे बूट

बायसन रस्त्याच्या बरोबर मधोमध उभा होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती. माझ्या पुढे एक लाल गाडी, मागे गाड्यांची रांग. लाल गाडीतून एक हात बाहेर आला, फोटो काढून आत गेला. मी काच वर करून बसून राहिले. एवढं मोठं डोकं, त्यावर वाळलेल्या चिखलाच्या जटा, अंगावरची लोकर ठिकठिकाणी सुटून लोंबणारी, आणि डोळा मात्र सोलापुरात आमच्या शेजारच्या गोठ्यात असलेल्या म्हशीचा. त्याच्या मागून त्याची मंडळी रस्ता ओलांडत होती. माद्या, आणि त्यांच्या पायांत घुटमळणारी तांबूस वासरं.

पूर्वीची मी असते तर काच खाली करून त्याच्याशी दोन शब्द बोलले असते. "अहो पाटील, जरा सरता का?" असं काहीतरी. आणि शेजारी बसलेला अनंत हसून म्हणाला असता, "जनावराला तरी सोड, वृंदा." पण शेजारची सीट रिकामी होती आणि माझं बोलणं केव्हाच आटलं होतं.

ही बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी आयडाहो फॉल्सला राहत होते. पश्चिम अमेरिकेतलं झोपाळू गाव. तिथून गाडीनं दोन-तीन तासांवर वायोमिंगमधलं एक प्रचंड राष्ट्रीय उद्यान आहे. जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात, बायसन म्हणजे तिकडचे रानगवे आणि अस्वलं मोकळी हिंडतात, जगभरातून लोक पोराबाळांना घेऊन बघायला येतात. मी एकटी निघाले होते, नवऱ्याचे बूट आणायला.

अनंत गुरव, माझा नवरा, आदल्या सप्टेंबरात एका रविवारी एकटाच त्या उद्यानात गेला आणि परत आला नाही. तिथल्या एका उकळत्या कुंडाच्या काठावर त्याचे बूट सापडले. शेजारी शेजारी, नीट लावून ठेवलेले. एका बुटात चष्मा, दुसऱ्यात घड्याळ, मोज्यांची घडी. माणूस सापडला नाही. त्या पाण्यात माणूस सापडत नसतो, असं मला फोनवर फार हळुवार आवाजात सांगण्यात आलं.

आत्महत्या असं कागदावर कुणी लिहिलं नाही. कारण निश्चित सांगता येत नाही, असं लिहिलं. पण बोलायची वेळ आली की सगळे एकच बोलायचे. बूट, चष्मा, घड्याळ काढून ठेवून माणूस पाण्यात जातो तो काय पाय घसरून? आणि सगळ्यांचं बोलून झालं की नजरा माझ्याकडे वळायच्या.

त्याला कारण होतं. मी मूळची भयंकर बडबडी. "वृंदाचं तोंड सरणावरच मिटेल," असं माझी आत्या चारचौघांत म्हणायची. अनंत कोकणातल्या ऊनकोंडाचा, शब्द जपून वापरणारा. माझ्या बडबडीलाच तो भुलला होता, हे त्यानं स्वतः कबूल केलं होतं. मग दुसऱ्या खेपेलाही पाचव्या महिन्यात मूल गेलं. दवाखान्यातून घरी आले आणि मला बोलता येईना. रुसवा नव्हता, राग नव्हता, घशापर्यंत शब्द येऊन तिथेच बसायचे. 'दूध संपलंय', 'किल्ली कुठंय' एवढ्यावर आमचा संसार आला. सगळा उन्हाळा असा गेला.

त्या रविवारी सकाळी तो बेडरूमच्या दारात उभा राहिला. "चल ना. गरम पाण्याची कुंडं आहेत तिथं, आमच्या ऊनकोंडासारखी. तेवढंच बाहेर पडणं होईल."

मी भिंतीकडे तोंड केलं.

"बरं. येतो मग," तो म्हणाला.

जाताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. त्या 'येतो'ला मी धरून बसले होते. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय! जीव द्यायला निघालेला माणूस 'येतो' म्हणेल का? पण सवयीनं म्हणालाही असेल. जिभेला काय माहीत, पाय कुठे निघालेत.

सासूबाईंनी तेवढी काडीही माझ्या हातात ठेवली नाही. तेराव्याला ऊनकोंडाहून त्यांचा फोन आला. देह नव्हता म्हणून माझ्या दिरानं पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला होता. पुढे त्र्यंबकेश्वरी, अपमृत्यूनं गेलेल्यांसाठी करतात तो नारायणबळीही करायचा ठरला होता. हे सगळं कोरड्या आवाजात सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुज्या तोंडाला कुलूप लागला, म्हनून माजा पोर गेला. येवढे म्हयने त्याच्याशी बोलली नायस. आता बोल. कोनाशी बोलतंस ती बोल." आणि फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं नाही. गावातही त्या हेच सांगतात, एवढं मात्र कानावर आलं.

अनंतनं जीव दिला का, आणि माझ्या न बोलण्यानं दिला का. एवढाच प्रश्न होता. मी तो घेऊन जेवत होते, झोपत होते, आणि आता गाडी चालवत होते.

मे महिन्यात उद्यानाच्या कचेरीतून ग्रेचन नावाच्या रेंजरबाईंचा फोन आला होता. अनंतचं सामान अजून त्यांच्याकडे होतं, मी ते न्यायला गेलेच नव्हते. "शिवाय आणखी एक वस्तू मिळालीय," त्या म्हणाल्या होत्या. "ती त्यांची आहे की नाही, हे फक्त तुम्हीच सांगू शकाल."

बायसननं एकदाचं अंग हलवलं आणि बाजूच्या गवतात उतरला. लाल गाडी सुटली. मीही निघाले.

ग्रेचन पन्नाशीच्या पुढच्या, पांढऱ्या केसांची एकच वेणी घातलेल्या, उंच बाई होत्या. मला बघून त्यांनी डोक्यावरची हॅट काढून टेबलावर ठेवली. आपल्याकडे लोक चप्पल काढतात, तसं काहीसं ते वाटलं. एका खोक्यातून त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. चष्मा. घड्याळ, बंद पडलेलं. मोजे. मग बूट.

मी बुटांकडे बघत राहिले. काहीतरी चुकत होतं.

"याच्या नाड्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"नव्हत्याच. सापडले तेव्हाच नव्हत्या. आम्हालाही ते चमत्कारिक वाटलं. घरी होत्या का?"

"होत्या. तपकिरी, जाड. मीच आणलेल्या."

ग्रेचननी मान हलवली, जणू मी त्यांच्या मनातलंच बोलले होते. मग त्यांनी ड्रॉवर उघडला.

"हिवाळा संपला की आमची माणसं कुंडं साफ करतात," त्या म्हणाल्या. "वाऱ्यानं उडालेल्या टोप्या, लोकांनी टाकलेली नाणी, काय काय निघतं. ज्या कुंडाजवळ बूट मिळाले, त्यातून एक ओहळ बाहेर वाहतो. ओहळाच्या कपारीत हे अडकून बसलं होतं. आम्हाला आधी दगड वाटला. या पाण्यातली खनिजं कुठल्याही वस्तूवर थर चढवतात. पण दगडाला अशी शेपटी नसते."

त्यांनी ती वस्तू माझ्यापुढे ठेवली. लिंबापेक्षा मोठा, पांढरा, खडबडीत गोळा. त्याला लांब शेपटी. शेपटी म्हणजे एकमेकींना बांधलेल्या दोन नाड्या. त्यांच्यावरही पांढरा थर होता, पण गाठीपाशी तपकिरी रंग दिसत होता.

मी गोळा हातात घेतला. एका बाजूचं कवच फुटलं होतं. आतून कापड दिसत होतं. रंग पार गेलेला, पण काठावरची वीण तशीच. ती वीण मला ओळखायला वेळ लागला नाही. माझ्या लग्नात सासूबाईंनी माझी ओटी भरली, त्यातला खण होता तो. कपाटात खाली घडी करून ठेवलेला. तो जागेवर नाही, हे इतक्या महिन्यांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. कापडाला एक चीर गेली होती आणि चिरेतून तांदळाचे दाणे दिसत होते.

"हे काय आहे, तुम्हाला कळतंय का?" ग्रेचननी विचारलं.

कळत होतं. पण ते सांगायला आधी मला मनानं ऊनकोंडात जाऊन यावं लागलं.

ऊनकोंड ही रत्नागिरीकडची एक वाडी. तिथे दगडांनी बांधून काढलेलं गरम पाण्याचं कुंड आहे आणि काठावर उन्हाईचं देऊळ. देवीची पूजा गुरवांकडे, म्हणजे अनंतच्याच घराकडे. तिथली एक रीत आहे, भात घालायची. देवीकडे काही मागायचं असेल तर बायकोच्या ओटीच्या खणात मूठभर तांदूळ बांधायचे, पोटलीला दोरी लावायची आणि कुंडात सोडायची. अनवाणी बसायचं. भात शिजेपर्यंत दोरी हातातून सोडायची नाही, खुंटीला बांधायची नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. भात शिजला की गाऱ्हाणं देवीला पोचलं. मग नवराबायकोनं तो एका पानावर खायचा. आणि मनाला येईल तेव्हा कुणी भात घालायचा नाही. गुरवाच्या घरातल्या थोरल्या बाईनं 'घाल' म्हणून सांगावं लागतं.

लग्न झाल्यावर आम्ही तिथे गेलो, तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आम्हाला भात घालायला लावला होता. अनंतनं बूट काढून शेजारी शेजारी लावले. वाफेनं काचा धुरकटतात म्हणून चष्मा एका बुटात ठेवला, पाणी लागू नये म्हणून घड्याळ दुसऱ्यात, मोज्यांची घडी केली. सुंभाची लांबलचक दोरी हातात धरून तो पायरीवर मुकाट बसला. मी सोलापूरची, मला कसला धीर! "अहो, भात शिजवताय की परीक्षेला बसलाय?" असं माझं चाललेलं. दीर खाली मान घालून हसत होता. आता सासूबाई रागावणार असं मला वाटलं, तर त्याच हसल्या. "बोलू दे गो तिला," त्या म्हणाल्या. "आमचं घर म्हंजी मुक्यांचा बाजार. आवाज हाय तो बरा."

"वृंदा?" ग्रेचननी हाक मारली.

"हा भात आहे," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्यानं इथं भात शिजवला."

मग मी त्यांना ती रीत सांगितली, जमेल तशी, मोडून तोडून. कितीतरी महिन्यांत मी एका दमात एवढं बोलले नव्हते. ग्रेचननी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. सांगून झाल्यावर त्यांनी ती नाड्यांची शेपटी हातात घेतली, सरळ केली, आणि दोन हातांत ताणून धरली.

"दोरी आणायला ते विसरले," त्या म्हणाल्या.

"हो. म्हणून नाड्या सोडल्या."

"आखूड आहे." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "त्या कुंडाचा काठ वरून भक्कम दिसतो. खालून पाण्यानं पोखरलेला असतो, नुसती पापडी. फळीवरच्या वाटेवरून एवढी दोरी पोचली नसती. खाली उतरून अगदी कडेला जाऊन बसावं लागलं असणार. आणि शिजेपर्यंत बसून राहायचं." त्या माझ्याकडे वळल्या. "बाईसाहेब, या माणसानं जीव दिलेला नाही. त्याला भात घेऊन घरी यायचं होतं."

मी बूट पोटाशी धरले आणि रडले. दुःखानं नाही म्हणता येणार. आठ महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला की आधी श्वास घेतानाच दुखतं, तसं काहीतरी.

ग्रेचन मला त्या कुंडापर्यंत घेऊन गेल्या. त्याला कॉपर केटल म्हणतात. पांढऱ्या, मेलेल्या जमिनीतून लाकडी फळ्यांची वाट जाते आणि एका वळणावर ते कुंड आहे. कडेला तांब्याच्या रंगाची वर्तुळं, मध्ये निळंशार पाणी, इतकं स्वच्छ की तळाचा काळा घसा खोलवर जाताना दिसतो. सुंदर होतं. मला त्याचा फार राग आला. पलीकडून एक कोयोटी, तिकडचा कोल्हा, त्या पांढऱ्या पापडीवरून हलक्या पायांनी निघून गेला.

"त्याला कळतं का, कुठे पाय ठेवायचा?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा," ग्रेचन म्हणाल्या. "काठालगत हाडंही सापडतात."

ऊनकोंडातल्या कुंडाला पायऱ्या आहेत. दगडी, शेकडो पावलांनी गुळगुळीत झालेल्या. लहानपणापासून अनंत त्या पायऱ्यांवर बसला होता. कुंडाच्या काठावर भरवसा ठेवू नये, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. इथे जागोजागी धोक्याच्या पाट्या आहेत, त्यानं वाचल्याही असतील. पण कुंड म्हणजे देवीचं घर, आणि हा तर तिच्या पुजाऱ्याचा मुलगा. आपल्याच घरात जाताना कोण पाटी वाचतो?

परत फळ्यांवरून चालताना मला ती गोष्ट सुचली आणि मी जागच्या जागी थांबले. गुरवाच्या घरातल्या थोरल्या बाईनं सांगितल्याशिवाय भात घालत नाहीत. अनंत फार देवभोळा नव्हता. त्याला आपणहून हे सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी आईचा शब्द घेतल्याशिवाय त्यानं खणाला हात लावला नसता. म्हणजे आईंनी सांगितलं होतं. आईंनी सांगितलं होतं, आणि तेराव्याला मला म्हणाल्या, तुझ्या तोंडाला कुलूप लागलं म्हणून माझा पोर गेला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच.

ग्रेचनचा निरोप घेतला तेव्हा ऊनकोंडात मध्यरात्र होती. तिथे उजाडेपर्यंत थांबायचं ठरवलं. गेटाबाहेर पडलं की फोनला रेंज मिळेल न मिळेल. उद्यानातल्या सगळ्यात प्रसिद्ध फवाऱ्यासमोर मात्र ती मिळते, तिथे अर्धवर्तुळात बाकं मांडलेली आहेत. मी एका बाकावर बसले. शेजारी बूट, मांडीवर पोटली. लोक यायचे, आइस्क्रीम खायचे, पाटीवरची पुढची वेळ बघायचे. मग जमीन गुरगुरायची, पाणी दोन-तीनदा चुळा भरल्यासारखं वर यायचं, आणि एकदम पांढरा खांब आभाळात. लोक टाळ्या वाजवायचे. पाणी परत जमिनीत जायचं आणि लोकही उठून जायचे. असं त्या दुपारी मी कितीदा बघितलं कोण जाणे.

आणि सबंध वेळ मी वाक्यं जुळवत होते. काय बोलायचं, कुठलं वाक्य आधी, कुठलं नंतर. 'आई, नारायणबळी करताना देवाला काय सांगितलंत, माझ्यामुळे गेला, की तुमच्यामुळे?' हे एक. 'पोटली मिळाली. आता सांगा गावाला, कुणी पाठवलं होतं त्याला.' हे दुसरं. इतकी वाक्यं मला कितीतरी दिवसांत सुचली नव्हती. एकेक घासून धारदार करत बसले. पोटली मी शेवटी काढणार होते. तोवर त्यांना नुसती चाहूल द्यायची, आणि मग हाणायची.

सूर्य कलला, बाकं रिकामी व्हायला लागली, तेव्हा मी फोन लावला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिला.

"हॅलो. कोन?"

"आई, मी वृंदा."

त्यांच्या मागे कोंबडा आरवला, कुणीतरी हंडा खाली ठेवला.

"मी त्याचं सामान न्यायला आलेय," मी म्हणाले. "मिळालं. बूट मिळाले. चष्मा, घड्याळ."

"आनि?"

"आणि काय?"

त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग अगदी हलक्या आवाजात, शेजारणीकडे उसनं मागावं तसं, त्यांनी विचारलं, "भात शिजला व्हता काय गो?"

मांडीवरची पोटली मी घट्ट धरली. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तोंडात येईना.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

"मीच सांगितलं ना त्याला. शनवारी फोन केलान त्यानं. म्हनाला, आई, हिकडं पन आपल्यासारखी कुंडा हायत. मी म्हटलं, मग घाल भात. बायकोच्या ओटीचा खण घेऊन जा, म्हटलं." त्यांनी नाक ओढलं. "दोरीचं काय बोलले नाय मी. हितं सुंभ घरातच असतो, सांगायला लागत नाय. मागनं आठवला. रोज आठवतो. दोरी नीट घेतलीन व्हती ना त्यानं?"

माझ्या हातात त्या दोन नाड्या होत्या. आखूड, गाठ मारलेल्या.

"घेतली होती," मी म्हणाले. "चांगली लांब होती."

पलीकडून एक मोठा श्वास सुटला.

"मग मला का बोललात?" मी विचारलं. जे ओरडून विचारायचं होतं ते कसंबसं बाहेर पडलं. "सगळ्या गावाला का सांगितलंत, की माझ्यामुळे गेला?"

"माज्यावर घेतला असता तर देवीफुडं दिवा कसा लावला असता?" त्या म्हणाल्या. "रोज लावायला लागतो गो. सकाळ-सांज. ह्या हातानं. तू लांब व्हतीस. तू तरनी हायस, तू सोसशील, म्हटलं. तुज्यावर घातलं."

अन्याय होता, धडधडीत अन्याय होता. आणि त्या रोज सकाळी उठून त्याच देवीसमोर उभ्या राहत होत्या. मला फवाऱ्याच्या जागेवरून अजून थोडी थोडी वाफ येताना दिसत होती.

"मूल मागायला सांगितलं असेल तुम्ही," मी म्हणाले.

"हां. मूल माग, म्हटलं. तर म्हनाला, नको." त्यांना पुढचं बोलावं की नाही, असं झालं असावं. "म्हनाला, आई, मूल नको. वृंदा बोलत नाय माज्याशी. ती पयल्यासारखी बोलू दे, येवढाच मागतो. म्हनून तर मला ठावं झालं, तुज्या तोंडाचं."

बाकावर मी एकटीच उरले होते. एक म्हातारी अमेरिकन बाई जाता जाता माझ्याकडे बघून थबकली आणि मग पुढे गेली.

"सांग ना गो," आई म्हणाल्या. "येवढा सांग. शिजला व्हता?"

मी पोटली डोळ्यांजवळ नेली. कवचाच्या फटीतून दाणे दिसत होते. एकेक दाणा उमललेला, पांढरा, दगड झालेला.

"शिजला होता, आई," मी म्हणाले. "चांगला फुलला होता."

त्यावर ऊनकोंडात त्या बाईनं जो हंबरडा फोडला, तो मुलगा गेला त्या दिवशी फोडायचा राहिला होता. घरातली माणसं धावत आल्याचे आवाज आले. दीर "आई, काय झालं, कोन हाय?" असं विचारत होता. त्या कुणाला काही सांगत नव्हत्या. मी फोन कानाला लावून बसून राहिले. ठेवला नाही. शेवटी त्यांच्याच बाजूनं तो बंद झाला.

परतीच्या वाटेवर अजून उजेड होता. नदीकाठच्या कुरणात हरणांचा कळप उतरला होता, लोक गाड्या कडेला लावून दुर्बिणीतून बघत होते. मी थांबले नाही. बूट मी शेजारच्या सीटवर ठेवले होते, आणि एका वळणावर गाडीनं हिसका दिला तेव्हा ते पडू नयेत म्हणून नकळत हात पुढे केला.

सकाळच्याच जागी गाड्या अडल्या होत्या. बायसन रस्त्याच्या मधोमध. सकाळचाच असेल, दुसरा असेल, मला काय माहीत. तसंच डोकं, तशाच जटा, तशीच बेफिकिरी. मी काच खाली केली. संध्याकाळचा गार वारा आत आला, त्याला गंधकाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता.

"अहो पाटील," मी म्हणाले, "जरा सरता का?"

तो हलला नाही. मी बुटांकडे वळले. "बघितलंस? ऐकत नाही. तुझ्या गावचा दिसतोय, मुक्यांच्या बाजारातला." आणि मग मला थांबता येईना. त्या दवाखान्याबद्दल बोलले, त्या मुलाबद्दल बोलले, ज्याचं नाव मी मनात ठेवलं होतं आणि कधी सांगितलं नव्हतं. त्या रविवारी भिंतीकडे तोंड करून मी काय बघत होते ते सांगितलं. दूध कुठल्या दुकानातून आणतेस, हल्ली एवढं आंबट का लागतं, हे त्यानं उन्हाळ्यात कधीतरी विचारलं होतं, त्याचंही उत्तर दिलं. बायसन केव्हा उतरून गेला, मागच्या गाडीनं भोंगा केव्हा वाजवला, कळलं नाही. उद्यानाचं फाटक गेलं, जंगल संपलं, बटाट्याची शेतं लागली, आणि मी बोलतच होते.

त्यानं मागितलेलं मिळालं होतं. घर येईपर्यंत मी बोलत होते, आणि शेजारच्या सीटवरून कुणीही म्हणालं नाही, की पुरे, वृंदा.